देवडीवरचा पहारेकरी

नाशकात रामकुंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर माझ्या लहानपणी महारोग्यांची रांग बसलेली असे. पर्वणीच्या स्नानाहून परतताना आजी त्यांच्या फडक्यांवर वरूनच मूठमूठ तांदूळ टाकी आणि मला म्हणे, "लांबून चल हो! पूर्वजन्मीचं पाप आहे ते. शिवलास तर तुलाही होईल." पाप त्यांचे, तर ते माझ्या अंगाला कसे लागावे, हे कोडे मला तेव्हा पडे, पण आजीला विचारण्याचे धैर्य कुठले?

पुढे आमच्याच आळीतील एका सुनेच्या पाठीवर फिकट चट्टा उमटला आणि महिन्याभरात तिची माहेरी रवानगी झाली. ती परत आली नाही. तिच्या हातचे वर्षानुवर्षे जेवलेल्या घरात मात्र तो रोग कुणालाच झाला नाही. असे का व्हावे?

हे कोडे युरोपातल्या पंडितांनाही सुटलेले नव्हते. नॉर्वेतील बर्गेन शहरी डॅनियलसन नावाच्या थोर वैद्याने रोग्याच्या गाठीतले द्रव्य स्वतःला टोचून घेतले. काही झाले नाही. तेव्हा रोग आनुवंशिकच, असा त्याचा ग्रह दृढ झाला. पण १८७३ साली त्याच्याच जावयाने, हॅन्सनने, या रोगाचा जंतू शोधून काढला. जंतू सापडला तशी भीती वाढली, आणि आपल्याकडे १८९८ साली निराधार महारोग्यांना डांबून ठेवण्याचा कायदाही झाला.

अशा काळात वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, १९४९ साली कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास कलकत्त्याला गेले. हा जंतू काचेच्या नळीत वाढत नाही, आजही वाढत नाही. म्हणून त्यांनी प्रयोगासाठी आपलाच देह पुढे केला आणि जंतू टोचून घेतले. तिथेही जंतू रुजला नाही. लोकांना त्यात पुण्याई दिसली असेल. पण शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या रोगाला थोपविण्याची शक्ती उपजतच असते.

जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असे, तसे आपल्या पेशींच्या अंगावर काही ग्राहक-रेणू असतात. परका जंतू ते पूर्वओळखीशिवाय हेरतात. त्यांतील 'टोल' घराण्याचा मान एका फळमाशीकडे जातो. हा रेणू नसलेल्या माशा बुरशीने मरतात, असे हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखविले. पुढच्याच वर्षी माणसातील टोलचे कार्य उजेडात आले. २०११ साली या संशोधनाला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

कुष्ठजंतूचे स्निग्ध कवच ओळखतात ते टोल-१ आणि टोल-२ या जोडीने. ज्या रोग्यांच्या अंगावर मोजकेच चट्टे उठतात, त्यांच्या त्वचेत ही जोडी अधिक जागी आढळली. ज्यांच्या सर्वांगी गाठी पसरतात, त्यांच्यात ती मंद, असे २००३ साली दिसून आले. सारे श्रेय या दोघांचेच, असे मात्र नव्हे. पहारे आणखीही पुष्कळ आहेत. पण एवढे निश्चित, की जंतू एकच असून कुणाला रोग होतो, कुणाला होत नाही, हा फरक पाप-पुण्याचा नव्हे.

१९८२ पासून तीन औषधांचा एकत्र उपचार रूढ झाला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. तो १८९८ चा कायदा रद्द व्हायला मात्र २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण उरू नये, यासाठी २०१९. आमच्या आळीतल्या त्या सुनेला हे सारे फार उशिरा आले.

वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे घरच्यांच्या पाठीला तेल लावताना एखादा फिकट, बधिर चट्टा हाताला लागला, तर तो पदराआड झाकू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. आणि ज्याच्या पाठीवर तो दिसेल, त्याच्या पाठीवरचा हात मात्र काढून घेऊ नका.