‘मित्र’ ताऱ्याचे माप

श्रोतेहो, मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास मोकळ्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. हात लांब करून मूठ धरा. क्षितिजापासून जेमतेम एक मूठ उंचीवर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतील. त्यांतला डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो ‘मित्र’. नरतुरंग तारकासमूहातला हा तारा. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो खरा, पण ती जोडी आहे. १६८९ साली रिशो नावाचा फ्रेंच पाद्री आपल्याच पुदुच्चेरीहून दुर्बिणीने धूमकेतू पाहत होता, तेव्हा ही जोडी त्याच्या ध्यानी आली. जोडीतला मोठा तारा रंगाने, वजनाने आपल्या सूर्याचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे.

पण हा भाऊ राहतो किती दूर? हा प्रश्न साधा नव्हता. १५४३ साली कोपर्निकसाने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडले, तेव्हा विरोधकांनी बिनतोड सवाल केला : पृथ्वी फिरते, तर तारे जागा बदलताना का दिसत नाहीत?

सवाल नीट समजून घ्या. बैलगाडीतून जाताना बांधावरचा लिंब मागे सरकतो, पलीकडचा डोंगर मात्र जागच्या जागी राहतो. पृथ्वीही सहा महिन्यांत सुमारे तीस कोटी किलोमीटर पलीकडे जाते. तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे थोडा तरी सरकायला हवा. सरकला, की त्यावरून अंतर काढता येते. पण जवळजवळ तीनशे वर्षे हे सरकणे कोणालाच खात्रीने सापडले नाही. सापडल्याचे दावे झाले, तेही वादात अडकले.

१८३२ साली टॉमस हेंडरसन हा स्कॉटलंडचा गृहस्थ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या वेधशाळेत आला. तारुण्यात वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस, हिशेबाचा पक्का. तिथे तो वर्षभरच राहिला, पण तेवढ्यात मित्र ताऱ्याचे वेध त्याने काळजीपूर्वक घेतले. घरी परतून आकडे मांडले, तर तारा सरकल्याचे दिसले! मग जगाला सांगायचे ना? नाही. उपकरणाचा दोष असेल तर? मागच्यांच्या फजितीत आपलीही भर पडायची! हेंडरसन पुन्हा पुन्हा हिशेब तपासत बसला.

तोवर १८३८ साली प्रशियातल्या बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचे अंतर प्रसिद्ध केले. हेंडरसनचा निबंध वाचला गेला तो जानेवारी १८३९ मध्ये. अवघ्या दोन-तीन महिन्यांनी पहिलेपणाचा मान गेला.

हेंडरसनचा आकडाही तंतोतंत नव्हता. तारा आहे त्याहून जवळ आला होता. केपमध्ये त्याच्या जागी आलेल्या मॅक्लियरने पुन्हा वेध घेऊन तो सुधारला. आजच्या मापाने मित्राचे सरकणे, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतरामागे पडणारा कोन, पाऊण विकला आहे. एका अंशाचे ३,६०० भाग केले, तर एकेक भाग म्हणजे विकला. एक सेंटिमीटर जाडीचा हरभरा पावणेतीन किलोमीटरवर ठेवला, तर जेवढा दिसेल, तेवढा हा कोन! त्यावरून अंतर निघते सुमारे एकेचाळीस लाख कोटी किलोमीटर. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशालाही तिथून यायला चार वर्षे साडेचार महिने लागतात. याच कुटुंबातला तिसरा, अंधुक तारा १९१५ साली सापडला. तो तर आणखी जवळ; सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी. २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रह असल्याचे जाहीर झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मुलांना बोट डोळ्यांपुढे धरून एकेक डोळा मिटायला सांगा. बोट भिंतीपुढे सरकताना दिसेल. हात लांब नेला की कमी सरकेल. सारी युक्ती एवढीच. मग त्यांना हेंडरसनची गोष्ट सांगा, आणि विचारा, तो थांबला हे बरोबर की चूक? मुले भांडतील. भांडू द्या. मान हुकला हे खरे. पण कोपर्निकसाला विचारलेल्या सवालाचे उत्तर ज्या थोड्या मापांनी दिले, त्यांत हेंडरसनचे माप आहेच.