वारापासून सबमीटरपर्यंत : घरात राहणाऱ्या परक्या माणसाचा खर्च

आजचा विषय इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. घरात एखादा परका माणूस राहायला आला, की घरखर्चातला त्याचा वाटा किती? हा प्रश्न आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, किमान शंभर वर्षं विचारला जातोय. त्याची उत्तरं मात्र बदलत गेली. ती का बदलली, ते आज आपण पाहू.

सुरुवात शिक्षणापासून करावी लागेल. सरस्वती भुवन ही संस्था 1915 सालची. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि खेड्यातल्या मुलाला पुढं शिकायचं तर शहर गाठावं लागे. वसतिगृहं मोजकी. मग मुलगा नातलगाकडं, ओळखीच्यांकडं राही, नाहीतर वार लावून जेवी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं आठवडाभर. महाराष्ट्रात इतरत्रही हीच रीत होती. यात पैशाचा हिशेब नव्हता; यजमानाला पुण्य आणि मुलाला जेवण. पण फुकट काहीच नसतं. मुलानं पाणी भरायचं, बाजारहाट करायची, धाकट्यांचा अभ्यास घ्यायचा. किती करायचं हे कुणी ठरवलेलं नसे, म्हणून ‘आता पुरे’ म्हणायची सोयही नसे.

आणि ही रीत जात पाहून चालत असे. आपल्या पंक्तीला बसू शकेल त्यालाच वार मिळे. ज्याला पाणवठ्यावर येऊ देत नाहीत, त्याला माजघरात कोण घेणार? त्याच्या बाबतीत वाटा किती हा प्रश्नच उद्भवत नव्हता, दारच बंद होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि नागसेनवनात वसतिगृहंही उभी राहिली, त्याचं मोल इथं कळतं. ती इमारत म्हणजे कुणाच्या मेहरबानीशिवाय राहण्याची जागा होती. त्याआधी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं होतं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र राबत. काम वाटून घेतलेलं, सर्वांना दिसणारं. उपकाराच्या जागी वाटणी आली, ती अशा ठिकाणी.

पैशाची वाटणी म्हटलं तर आपल्याकडं आणखी एक गुंता होता. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि शेजारच्या मुंबई इलाख्यात कलदार रुपया. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. भाडं ठरवताना ‘हाली की कलदार?’ हे बोलून घ्यावंच लागे. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं, तरी हाली नाणं पुढं काही वर्षं चलनात राहिलं.

1958 साली मराठवाडा विद्यापीठ झालं, पुढं चिकलठाण्याला एमआयडीसी आली, ऐंशीच्या दशकात वाळूज. विद्यार्थी आणि कामगार दोघंही आले. आता ओळखीपाळखीवर भागेना. घरातली मागची खोली भाड्यानं देणं हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला. नंतर ‘कॉट बेसिस’ हा शब्द रुळला. म्हणजे खोलीसुद्धा नाही, खाटेपुरती जागा.

कायद्याचं काय? मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा चालत होता. त्याच्या जागी 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यात पेइंग गेस्टची व्याख्या आहे : घरमालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला परवानगीनं वापरायला दिला, असा कुटुंबाबाहेरचा माणूस. भाडेकरूचं पाणी किंवा वीज योग्य कारणाशिवाय तोडायची नाही, असंही हा कायदा सांगतो. पण महिन्याचं वीजबिल आपसात कसं वाटायचं, हे त्यात नाही. ते दोघांनी बसून ठरवायचं.

आणि खरी कुरबूर तिथंच होते. एक उदाहरण घेऊ. दर सोपे, मानलेले आहेत. पहिल्या शंभर युनिटला पाच रुपये, त्यापुढं दहा. घरात चार माणसं, नव्वद युनिट, बिल साडेचारशे. पाचवा माणूस आला, दीडशे युनिट झाले. बिल हजार. त्यानं किती द्यावं?

माणशी वाटलं तर दोनशे. पण मालक म्हणेल, तुझ्यामुळं बिल साडेपाचशेनं वाढलं, तेवढे दे. तिसरा मार्ग सबमीटरचा : त्याचे साठ युनिट, म्हणजे एकूण बिलाचे दोन पंचमांश, चारशे रुपये. बघा, वीज तीच, बिल तेच, आणि उत्तरं तीन! साडेपाचशेच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की स्वस्त युनिट आधी आलेल्याचे आणि महाग युनिट मागून आलेल्याचे. हा जुन्या यजमानाचाच विचार, फक्त आता रुपयांत मांडलेला. आम्हाला चारशेचा मार्ग जास्त रास्त वाटतो. तिथं दोघंही एकाच दरानं वीज घेतात.

पाण्याला हे लागू होत नाही. आपलं पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून येतं, आणि नळाला रोज येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. पाणीपट्टी नळजोडणीमागे वर्षाची ठरावीक. माणूस वाढला म्हणून ती वाढत नाही. वाढतो तो टँकरचा खर्च, आणि नळाला पाणी येईल तेव्हा उठून टाक्या भरण्याचं काम. टँकर माणशी वाटता येतो. पण टाक्या कोण भरतं?

बहुतेक घरांत बाईच. स्वयंपाकही तिचाच. वाराच्या काळात पुण्य यजमानाच्या नावावर जमा होई आणि पंक्तीत एक ताट वाढलं तर भाकरी तिला थापाव्या लागत. आज डब्याचे पैसे घेताना पीठ, तेल, गॅस धरतात. तिचे दोन तास धरत नाहीत. मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी, 1975 पासून प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र येऊन, रांधणं हे मजुरीचं काम आहे हे दाखवून दिलं. मागच्या खोलीतल्या मुलाला जेवण देणाऱ्या घरापर्यंत तो हिशेब अजून पुरता पोचलेला नाही.

तेव्हा या शंभर वर्षांतून हाती काय येतं? वाटणी मोडते ती रक्कम मोठी असते म्हणून नव्हे, तर आधी बोललेली नसते म्हणून. खोली देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी चार गोष्टी कागदावर घ्याव्यात : भाड्यात काय आलं, वीज कशी मोजायची, टँकरचे पैसे कसे, आणि स्वयंपाक व पाणी भरण्याचं काम कुणाचं व त्याचा मोबदला किती. पहिल्या तीन गोष्टी आता बरीच घरं लिहितात. चौथी लिहिलेला करारनामा मात्र आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल, तर जरूर दाखवा.