वैशाखातली मुंबईची वाट

वाठार स्टेशनच्या फलाटावर उन्हाळ्यात दोन तऱ्हेची माणसं एकमेकांसमोरून जात. गाडीतून उतरणारे साहेबलोक पाचगणी-महाबळेश्वरच्या थंड हवेकडे निघालेले असत. त्याच गाडीची वाट बघत ट्रंकेवर बसलेली वाई, कोरेगाव, खटावकडची मंडळी मुंबईच्या घामट उकाड्याकडे निघालेली असत. १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी झालेल्या करारानं महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं आणि पुढं मुंबईचा गव्हर्नर दरसाल दफ्तरासह डोंगर चढू लागला. त्या प्रवासाच्या हकिकती साहेबांनी हौसेनं लिहून ठेवल्या आहेत. उलट दिशेनं जाणाऱ्यांची हकिकत मात्र विखुरलेली आहे. काही गॅझेटियरमध्ये, काही कामगार आयोगाच्या कागदांत, आणि बरीचशी घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी.

सातारा-सांगलीकरांची उन्हाळ्यातली मुंबई ही हवापालटाची चैन नव्हती. शेत, समुद्र आणि गिरणी या तिघांच्या सोयीनं ठरलेला तो रिवाज होता. मुंबईच्या गिरणगावाच्या इतिहासात गड्यांचे संप, मोर्चे, शाहिरी यांना हक्काची जागा मिळाली. मे महिन्यापुरत्या येणाऱ्या बायका आणि पोरं त्यात जवळजवळ नाहीतच. हा अन्याय आहे, कारण ज्या घरांनी हे गिरणगाव उभं केलं त्यांचा संसार याच एका महिन्यावर तोललेला होता.

जुने कागद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘सातारा जिल्हा’ असं जिथं लिहिलेलं आहे, तिथं वाळवा, तासगाव, खानापूरही आलं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० साली. मुंबईतल्या चाळीत ‘सातारकडचा’ म्हणून ओळखला जाणारा माणूस त्यामुळं वारणाकाठचाही असू शकतो.

ही वाट रेल्वेच्या आधीची आहे. कराड-पाटणकडची माणसं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जात आणि दाभोळच्या खाडीतून पुढं समुद्रमार्गे मुंबई गाठत. जावळी-महाबळेश्वरकडून आंबेनळीच्या घाटानं पोलादपूर, महाड आणि सावित्रीची खाडी. पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावरची जहाजं आणि नंतरच्या आगबोटीही बंद होत, त्या थेट पाऊस सरेपर्यंत. घाटवाटाही चिखलानं अडत. म्हणजे मुंबईला जायचं तर ते कोरड्या दिवसांतच. सुगी उरकली, धान्य कणगीत पडलं, की पेरणीपर्यंत रानात काम नसे. शिवार मोकळं आणि समुद्र खुला असे दोन्ही योग उन्हाळ्यात जुळत. १८५३ च्या आरंभी, अशाच कोरड्या दिवसांत, सांगलीच्या विष्णुदास भाव्यांची नाटकमंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ करत होती. त्यांचे आश्रयदाते, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये वारले होते आणि पोटासाठी मंडळींना दौऱ्यावर निघणं भाग होतं. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली.

आगगाडी सातारकडं यायला मात्र पुढची तीन दशकं गेली. सदर्न मराठा रेल्वेची पुणे-मिरज मीटरगेज लाइन १८८० च्या दशकात घातली गेली आणि वाठार, कोरेगाव, कराड, मिरज ही नावं मुंबईशी जोडली गेली. तरी पुण्याला उतरून मोठ्या रुळांच्या गाडीत बसावं लागेच. हा मार्ग रुंद व्हायला १९७१ च्या आसपासचा काळ उजाडला. तोवर पुण्याच्या फलाटावर वळकट्या, बोचकी आणि पोरं मोजून घेणं हा प्रत्येक मुंबईफेरीचा भाग होता.

मुंबईची ओढ निर्माण केली ती गिरणीनं. कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळीचं आभाळ धुराड्यांनी भरलं. कोकणानंतर तिथं माणसं पुरवली ती पुणे-सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यानं. सातारा-सांगलीची दोन टोकं दोन वेगळ्या कारणांनी मुंबईला लागली. पश्चिमेला पाटण-जावळीत पाऊस धो धो, पण जमीन डोंगरउताराची आणि तुकड्यातुकड्यांची. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत इथं जमीन ऐसपैस, पण पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. महाबळेश्वरात पाच हजारांहून जास्त पडतो.

आता गिरणीचं पंचांग बघण्यासारखं आहे. चैत्रात गावोगावच्या जत्रा, शिखर शिंगणापूरची यात्रा, पाठोपाठ वैशाखातली लगीनसराई. एप्रिल-मेमध्ये कायमचा कामगार रजा टाकून गावी पळे आणि खात्यांत माणसं कमी पडत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं कामगारांच्या या गावओढीची दखल घेतली आणि गावाशी असलेला हा धागा तोडण्याऐवजी तो नीट सांभाळावा, असं मत दिलं. कायमचा माणूस गावी गेला की त्याच्या साच्यावर उभा राही तो ‘बदली’. हा बहुतेकदा त्याचाच भाऊ, पुतण्या, गाववाला. चुलता जत्रेला गावी आणि नुकतं मिसरूड फुटलेला पुतण्या मुंबईला, अशी अदलाबदल उन्हाळाभर चाले. माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, हात ओला केल्याशिवाय बदलीला काम मिळत नसे, ही तक्रार जुनी होती. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांसाठी कार्डांची पद्धत आणली, तिच्यामागं हेही एक कारण होतं. कित्येक सातारकरांची उभी नोकरी अशा एका उन्हाळ्याच्या बदलीतून सुरू झाली.

पण खरी गोष्ट खोलीची आहे.

मुंबई सुधार खात्यानं आणि १९२० च्या दशकात बीडीडी या सरकारी विकास खात्यानं बांधलेल्या चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथं अशा चाळींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. एखाद्या गावची, भावकीची मिळून एक खोली असे. तीत दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त गडी राहत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा होई. भिंतीला खुंट्या, खुंट्यांखाली ट्रंका, आणि भाड्याचा, दिव्याचा, आजारपणाच्या वर्गणीचा हिशेब लिहिलेली एक वही. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबानं. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकाही बहुतांश गिरणी कामगारांच्याच घरच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांच्यासाठीच.

अशा खोलीत बायकोला आणणार कुठं? म्हणून ती गावी राही. सासू-सासरे, गुरं, वावर आणि मनिऑर्डर सांभाळत. लग्न झालेल्या जोडप्याचं सहजीवन वर्षाकाठी महिना-दीड महिन्याचं, आणि तो महिना बहुधा नवऱ्याच्या रजेचा. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३१-३२ च्या सुमारास वडिलांबरोबर चालत मुंबईला आले. पुढं त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली तेव्हा ऐकणाऱ्या हजारोंना ती स्वतःच्या घरची वाटली, ती उगाच नाही.

चैत्र-वैशाखात मात्र खोलीतले निम्मे गडी जत्रेला जात आणि जागा मोकळी होई. मग ज्याला रजा मिळालेली नसे तो चिठ्ठी धाडी, ‘पोरांना घेऊन ये’. शाळेला सुट्टी पडलेली असे. बाई शेवया, कुरडया, सांडगे वाळवून डब्यात भरी. भाजलेल्या शेंगा, लसणीची चटणी, कराड-वाळव्याकडची असेल तर काकवीची बरणी, सांगलीकडची असेल तर घरची हळद. हा भार एका माणसासाठी नसे. खोलीत उरलेल्या साऱ्यांनी तो वाटून खायचा, हे ठरलेलं होतं. उरलेले गडी आपण होऊन वळकट्या घेऊन गॅलरीत, गच्चीवर, उकाडा फारच झाला तर रस्त्याकडेला झोपायला जात. ‘वहिनी आल्यात’ एवढं कळलं की खोलीत शिव्या बंद होत. परक्या माणसांनी भरलेली खोली महिनाभर घर व्हायची ती अशी.

माण-आटपाडीच्या बाईला मुंबईत पहिल्यांदा काय दिसलं असेल? बहुतेकांच्या मनात गेटवे आणि राणीचा बाग येईल. पण ज्या बाईनं मे महिन्यात आटत चाललेल्या विहिरीतून वाटीवाटीनं पाणी उपसलं होतं, तिच्या दृष्टीनं चाळीच्या टोकाचा नळ हे मोठं नवल होतं. तानसाचं पाणी मुंबईत १८९२ साली आलं. नळाला ठरावीक वेळ होती, रांग होती, भांडणंही होती, तरी डोक्यावर घागर घेऊन मैलभर चालणं नव्हतं. गावी परतल्यावर तिनं शेजारणीला आधी कशाबद्दल सांगितलं असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

पोरांची मुंबई वेगळी. भायखळ्याचा राणीचा बाग १८६२ पासूनचा, आणि लालबाग-चिंचपोकळीहून पायी गाठता येणारा. त्यामुळं गिरणगावात आलेल्या प्रत्येक पोराची पहिली रविवारची फेरी तिथंच. विजेवरची ट्राम १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. त्यामुळं ट्राम पाहिलेली आणि न पाहिलेली अशा पाहुण्यांच्या दोन पिढ्याच पडल्या. १९३७ पासून दुमजली बस, १९५१ पासून तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डनजवळचा म्हातारीचा बूट, लालबागच्या भारतमाता थिएटरात मराठी सिनेमा. मुंबईकर पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जात, त्याच दिवसांत इकडच्या पोरांचा मामाच मुंबईत असे. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी आगगाडीतून मामाकडं जाणाऱ्या मुलांसाठी गाणं लिहिलं, त्यातला मामा आंब्याच्या राईत राहत नाही. तो पेठांच्या, संपत्तीच्या मोठ्या गावात राहतो. दुष्काळी मुलखातल्या मुलाला मामाचं गाव असंच दिसत होतं.

रोहिणीचे पाऊस जवळ आले की परतीची बांधाबांध. गिरणीच्या दुकानातलं कापड, स्टो, ॲल्युमिनियमची भांडी, बिस्किटांचे पुडे. १ जून १९४८ ला एसटी सुरू झाली, आणि पुढं परळ व मुंबई सेंट्रलच्या स्थानकावरून थेट तालुक्याच्या गावापर्यंत बसून जाता येऊ लागलं. बोरघाट, कात्रज, खंबाटकी असे तीन घाट ओलांडून पहाटे फाट्यावर उतरलं की पुढं बैलगाडी.

दोन उन्हाळ्यांत ही वाट भयाची झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीस आला आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात माणसं लाखांनी मुंबईतून पळाली. रोग त्यांच्यामागोमाग कराड-साताऱ्यात शिरला. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या गणतीत ७,७६,००६ वर आली. दुसरा उन्हाळा २०२० चा. ई-पास, वेशीवरचे अडसर, जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरण. एरवी ज्याच्या पिशवीकडं पोरं धावत, त्या मुंबईकर चुलत्याला गावानं शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं. भीती खरी होती. तरी त्याच गावकऱ्यांनी शाळेच्या दारात डबेही नेऊन ठेवले, हे विसरू नये.

सगळ्या वाटा मुंबईलाच गेल्या असं नाही. खानापूर, आटपाडी, कडेगाव भागातले गलाईवाले सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यात केरळपासून आसामपर्यंत पांगले आणि विट्याकडच्या पोरांच्या सुट्ट्या कोइमतूर नाहीतर कोलकात्यात जाऊ लागल्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गडी गावी आले ते रजेवर नव्हे, आणि पुष्कळांना परत जायला गिरणीच उरली नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी झगडून मिळवलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्यामुळं निदान ओझी उचलणाऱ्यांच्या कामाला नोंद, मजुरीला हमी आणि पुढं घर मिळालं. १९८१ पासून घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं नवी मुंबईत हलले, तशी सातारा-सांगलीची वस्तीही कोपरखैरणे, घणसोलीकडं सरकली. आता बायका-पोरं तिथंच राहतात आणि उन्हाळ्यात उलट गावी येतात.

बीडीडी चाळी पाडून तिथं उंच इमारती बांधल्या जात आहेत. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, हे चांगलंच आहे, ते आधीच मिळायला हवं होतं. पण खोल्या रिकाम्या करताना गावच्या खोलीची ती वही, वर्गणीची पावतीपुस्तकं, मनिऑर्डरीचे तुकडे रद्दीत जाऊ देऊ नका. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते गावच्या वाचनालयात नेऊन द्यावेत, आणि मे महिन्यात मुंबई पाहिलेली म्हातारी घरात असेल तर तिच्याकडून तो महिना या सुट्टीतच लिहून घ्यावा.