युरोपात रेल्वेने पाच शहरं : तिकिटाआधी रात्रींचा हिशोब

ग्रुप टूरची बस नको, आपलं आपण रेल्वेने फिरू, असं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा तिकिटांचे दर बघितले जातात. खरी सुरुवात मात्र रात्रींच्या हिशोबाने करावी लागते. कोणत्या शहरात किती रात्री मुक्काम, यावर व्हिसाचा अर्ज कुठल्या देशाकडे जाणार ते ठरतं. आणि व्हिसा हातात येईपर्यंत स्वस्त तिकिटं संपत जातात. सगळी गोची इथेच होते.

एक नेहमीचा मार्ग घेऊ. अ‍ॅमस्टरडॅम २ रात्री, पॅरिस ४, लुसर्न २, व्हेनिस २ आणि रोम ३, म्हणजे एकूण १३ रात्री. सर्वात लांब मुक्काम पॅरिसमध्ये आहे आणि विमान उतरतं नेदरलँड्समध्ये. तरीही अर्ज इटलीकडे करावा लागेल. शेंगेन व्हिसासाठी शहर नाही, देश मोजला जातो आणि इटलीत ५ रात्री होतात. दोन देशांत मुक्काम समान असेल, तरच आधी कुठे प्रवेश करणार हे बघितलं जातं. त्यामुळे घाईत व्हेनिसची एक रात्र कापून ती पॅरिसला जोडली, तर अर्जाचा देशच बदलतो.

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून त्याच व्हिसावर चालतं. लंडनसाठी मात्र वेगळा व्हिसा लागतो. शिवाय पॅरिसहून लंडन करून परत अ‍ॅमस्टरडॅमला यायचं असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असावा लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा लंडनला निघताच संपला समजायचं.

भारतात गाडीचं भाडं बऱ्यापैकी ठरलेलं असतं, चिंता असते ती वेटिंगची. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या विमानासारख्या विकल्या जातात. आरक्षण सहसा तीन ते सहा महिने आधी खुलतं, सुरुवातीची तिकिटं स्वस्त असतात आणि मग भाव चढत जातो. सर्वात स्वस्त तिकीट त्याच दिवसाच्या, त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि अनेकदा पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा आला, तर ते पैसे गेले.

यावर उपाय एकच, अर्ज लवकर करणं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मार्चमध्ये अर्ज करणं म्हणजे स्वतःच्या हाताने तिकीट महाग करून घेणं. अर्जासोबत मुक्कामाचं आरक्षण द्यावं लागतं, ते रद्द करता येईल असंच घ्यावं. व्हिसा येण्याआधी गाडीचं तिकीट काढायचंच असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन बदलता येणारं तिकीट काढावं. स्वित्झर्लंडमधल्या साध्या गाड्या किंवा इटलीतल्या ‘रेजिओनाले’ यांची काळजी नको. त्यांचं तिकीट त्या दिवशी स्टेशनवरही नेहमीच्या दरात मिळतं.

मग पास घ्यावा का? भारतातून जाणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. तिकडेच राहणाऱ्या नातेवाइकांना मात्र इंटररेल घ्यावा लागतो, त्यामुळे लंडनच्या मावशीचा आणि पुण्याच्या भाचीचा पास वेगळा. पास म्हणजे फुकट प्रवास, हा समज चुकीचा आहे. वरच्या मार्गावर युरोस्टार, पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी टीजीव्ही लिरिया आणि इटलीतली फ्रेचारोस्सा या सगळ्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. इतालो कंपनीच्या गाड्यांत तर पास चालतच नाही. तारखा पक्क्या असतील, तर या मार्गावर सुटी तिकिटं बहुधा परवडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवणाऱ्यांसाठी पास चांगला. अजून एक फरक मुलांचा. मोठ्यांच्या एका पासवर १२ वर्षांखालच्या दोन मुलांचा पास मोफत मिळतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने दोन्ही हिशोब करून बघावेत.

नकाशावर अंतरं छोटी दिसतात आणि गाड्याही वेगवान आहेत. अ‍ॅमस्टरडॅम ते पॅरिस साडेतीन तासांच्या आत, व्हेनिस ते रोम साधारण चार तास. पण खोली सोडणं, स्टेशन गाठणं, उतरून नवी खोली शोधणं धरलं की अर्धा दिवस जातोच. लुसर्न ते व्हेनिस हा या सहलीतला सगळ्यात लांब टप्पा. गाडी ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यातून मिलानला जाते, तिथे गाडी बदलायची. दिवस त्यातच जातो, म्हणून व्हेनिसला एकच रात्र ठेवण्यात अर्थ नाही.

गाडी बदलताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या गाडीला उशीर झाल्यास पुढची सोय रेल्वेला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं असतील, तर पुढचं स्वस्त तिकीट वाया जाऊ शकतं. अशा वेळी मध्ये किमान तासभर हवा. जर्मनीत तर नक्कीच. युरोपच्या गाड्या घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर धावतात, असं आपल्याकडे अजून सांगितलं जातं. ते स्वित्झर्लंडला शोभतं. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोहोचल्या. युरोपियन युनियनमध्ये साधारणपणे तासाभराहून जास्त उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांपुढे ५० टक्के भरपाई मागता येते, पण ती मागावी लागते.

स्टेशनांची नावंही नीट बघावीत. मुंबईत सीएसएमटी वेगळं आणि कुर्ल्याचं टर्मिनस वेगळं, तसंच पॅरिसचं आहे. अ‍ॅमस्टरडॅमची गाडी गार द्यू नॉरला येते, स्वित्झर्लंडची सुटते गार द लिओंहून. दोन्हींना ‘आरईआर डी’ ही लोकल थेट जोडते. व्हेनिसमध्ये मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं स्टेशन, कालव्याकाठी उतरायचं तर सांता लुचियापर्यंत जायला हवं. इटलीतल्या फलकांवर व्हेनिस ‘व्हेनेत्सिया’ असतं आणि फ्लॉरेन्स ‘फिरेंत्से’. फ्रान्समध्ये टीजीव्हीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. हमाल मिळेल ही आशा सोडून द्यावी, त्यामुळे बॅग स्वतःला उचलून डब्यात चढवता येईल एवढीच असावी.

संपाच्या बातम्या निघण्याआधी बघून ठेवाव्यात. इटलीत संपाची तारीख आधी जाहीर होते आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात स्थानिक गाड्या चालवाव्याच लागतात. लांब पल्ल्याच्या कोणत्या गाड्या त्या दिवशी नक्की सुटणार, त्याची यादी रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळते.