अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण

बाबांची पेटी घरीच नीट रेकॉर्ड करायची असं दिवाळीत ठरवलं, आणि सवयीप्रमाणे आधी एक्सेल शीट उघडली! माइकचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारी डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. बजेट कमी, मॉडेलं ढीगभर. कॉलम वाढत गेले आणि चार महिने तसेच गेले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा हा जुनाच रोग.

मग एका शनिवारी म्हटलं, हे आकडे मुळात आले कुठून ते तरी बघू.

पहिला आकडा ४४.१ किलोहर्ट्झ. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सेकंदाला ४० हजारांहून थोडे जास्त नमुने लागतात. पण नेमके ४४,१००च का? सत्तरच्या दशकात डिजिटल आवाजाचा एवढा डेटा ठेवायला सोयीची जागा होती ती व्हिडिओ टेप. चित्राच्या एका ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड... करा गुणाकार! युरोपातल्या पद्धतीने २९४ ओळी आणि ५० फील्ड घेतले तरी उत्तर तेच. १९८२ मध्ये सीडी आली ती हाच आकडा घेऊन. म्हणजे १९२ किलोहर्ट्झसाठी जादा पैसे मोजायचं मला काहीच कारण नव्हतं.

दुसरा आकडा ४८ व्होल्ट. १९६६ साली जर्मनीच्या न्यूमन कंपनीला नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक बनवायचे होते. तिथे हिवाळ्यात अंधारच अंधार, त्यामुळे स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासूनच होता. मग माइकही त्याच्यावरच चालवला! आज स्वस्तातल्या डबीवरही ते बटण असतं. कंडेन्सर माइकला ते लागतंच, म्हणून माझ्या यादीत ते राहिलं.

तिसरी गोष्ट आकड्याची नाही. १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ काढला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी, बेडरूममध्ये बसून त्यावर गाणी रेकॉर्ड केली. हेतू इतकाच, की बँडला चाली ऐकवता याव्यात. पुढे बँडबरोबर मोठ्या स्टुडिओत प्रयत्न झाले, पण कॅसेटमधली जान काही तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून त्याच वर्षी बाजारात आली.

हे वाचलं आणि शीट बंद केली. दोन इनपुट (एक पेटीला, एक तबल्याला), ४८ व्होल्ट, आणि वाजवताना आपलाच आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंग. एवढं ज्यात होतं, त्यातला सर्वांत स्वस्त इंटरफेस घेतला.

रविवारी बाबा बसले. दिवाळीत तासभर यमन वाजवणारा माणूस... आता संधिवाताने बोटं आखडतात. अकरा मिनिटांत थांबले. म्हणाले, "बास रे, आता नाही होत."

रेकॉर्डिंगमध्ये भात्याचा आवाज आहे, मध्येच कुकरची शिट्टीही आहे. सगळं स्वच्छ ऐकू येतं. दिवाळीतला तो तास मात्र कुठल्याच सँपल रेटला आता मिळणार नाही.

तुमचीही शीट उघडी असेल, तर आजच बंद करा.