खटखटाट नव्हे, टिकाऊपणा महत्त्वाचा!
परवडणाऱ्या मेकॅनिकल गेमिंग कीबोर्डची निवड कशी करावी?

नागपूर, प्रतिनिधी

शहराच्या दक्षिणेला मानेवाड्याच्या पुढे पसरत गेलेल्या बेसा परिसरात गेल्या काही वर्षांत सदनिकांची मोठी भर पडली. मिहानमधील कंपन्यांत काम करणारे तरुण, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार यांची येथे मोठी वस्ती आहे. यातील अनेक घरांत संगणक एकच असतो. रात्री त्यावर मुलगा ‘व्हॅलोरंट’ खेळतो, दुपारी बहीण टंकलेखनाचा सराव करते आणि महिनाअखेरीस वडील दुकानाचा हिशेब मांडतात. अशा घरात ‘मेकॅनिकल कीबोर्ड हवा’ असा हट्ट सुरू झाला की पहिला प्रश्न पैशांचा येतो. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच विचारला जात नाही. हा कळफलक घरातील सर्वांच्या उपयोगी पडेल काय?

साधा आणि मेकॅनिकल : फरक काय?

नेहमीच्या स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. कळ दाबली की पडद्यावरील फुगवटा खाली बसतो आणि त्याखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यांवरील विद्युतमंडल जोडले जाते. कालांतराने रबर मऊ पडते आणि कळा जड किंवा चिकट वाटू लागतात. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात स्प्रिंग, वरखाली सरकणारा दांडा आणि धातूची संपर्कपट्टी असते. कळ तळापर्यंत दाबण्याआधीच तिची नोंद होते. म्हणूनच वेगाने टंकलेखन करणाऱ्यांना आणि खेळाडूंनाही तो आवडतो.

या स्विचचे नाव जर्मनीतील ‘चेरी’ कंपनीशी जोडले गेले आहे. १९८० च्या दशकात या कंपनीने ‘एमएक्स’ मालिका आणली. तिच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर ‘गेटरॉन’, ‘कैल’, ‘आउटेमू’ आदी चिनी उत्पादकांनी त्याच धाटणीचे स्विच कमी किमतीत बाजारात आणले. एकेकाळी चैनीची वाटणारी ही वस्तू मध्यमवर्गीय घरात पोहोचली ती यामुळेच.

भारतीय ग्राहकाला मात्र मेकॅनिकल कळफलक अगदीच अपरिचित नव्हता. ‘टीव्हीएस’चा ‘गोल्ड’ हा खणखणीत आवाजाचा कळफलक कार्यालयांत, बँकांत आणि डीटीपी केंद्रांत वर्षानुवर्षे वापरला गेला. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेल्यानंतर ते चिन्ह असलेला ‘गोल्ड भारत’ही आला. त्याला रंगीत दिवे नाहीत, पण मेकॅनिकल कळफलक हे केवळ खेळाचे साधन नाही, याचा तो चालताबोलता पुरावा होय.

लाल, तपकिरी की निळा?

स्विचचे तीन प्रमुख प्रकार त्यांच्या रंगावरून ओळखले जातात.

लाल : कळ सरळ खाली जाते. मध्ये अडथळा नाही आणि आवाज तुलनेने कमी. चेरीच्या लाल स्विचमध्ये सुमारे २ मिलिमीटर दाबल्यावर नोंद होते, तर पूर्ण प्रवास सुमारे ४ मिलिमीटरचा असतो. एकच कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागणाऱ्या खेळांसाठी हा प्रकार सोयीचा.

तपकिरी : नोंदीच्या सुमारास बोटाला हलकासा उंचवटा जाणवतो. टंकलेखन आणि खेळ या दोन्हींसाठी मधला मार्ग.

निळा : उंचवट्याबरोबर स्पष्ट ‘टिक’ असा आवाज येतो. टंकलेखन करणाऱ्यांना तो सुखावतो. मात्र दोन खोल्यांच्या सदनिकेत मध्यरात्री हाच आवाज शेजारच्या खोलीतील माणसाची झोप उडवतो.

उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत निळ्या स्विचचा आवाज बुडून जातो. पावसाळ्यात कूलर बंद झाले की तो ठळकपणे जाणवू लागतो. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाने आणि भाड्याच्या खोलीत भागीदारीने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच लाल किंवा तपकिरी प्रकाराचा आधी विचार करावा. रंगांचे हे संकेत सर्वच उत्पादक काटेकोरपणे पाळतात असे नाही. त्यामुळे शक्य असल्यास कळ दाबून पाहावी.

आकार निवडताना सावध!

खेळाडूंमध्ये सध्या लहान कळफलकांची चलती आहे. पूर्ण आकारात १०४ कळा असतात. उजवीकडचा अंकांचा संच वगळला की ८७ आणि बाणांच्या कळांसह आणखीही काही कळा काढल्या की ६१ उरतात. लहान कळफलकामुळे माउस हलवायला मोकळी जागा मिळते, हे खरे. परंतु घरात हिशेबाचे काम होत असेल, तर अंकांचा संच नसणे ही रोजची कटकट ठरते.

मराठी टंकलेखन शिकणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा कळीचाच आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते. संगणक टंकलेखनाची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटमध्ये काही अक्षरे ‘ऑल्ट’ कळ दाबून उजवीकडच्या अंकसंचावरील आकडे टंकित केल्यावरच उमटतात. वरच्या ओळीतील आकड्यांनी हे काम होत नाही. त्यामुळे ६१ किंवा ८७ कळांचा कळफलक अशा उमेदवाराचा सराव अडवू शकतो. युनिकोडमधील इनस्क्रिप्ट मांडणी वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही. परीक्षा केंद्रावर साधा कळफलक मिळण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा शेवटचे काही दिवस साध्या कळफलकावरही हात बसवावा.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा

बाजारात हजार रुपयांच्या आत ‘मेकॅनिकल फील’, ‘सेमी मेकॅनिकल’ अशी बिरुदे मिरवणारे कळफलक दिसतात. रंगीत दिवे आणि टोकदार अक्षरे पाहून ग्राहक भुलतो. प्रत्यक्षात यातील बहुतेक रबरी पडद्याचेच असतात. पेटीवर स्विचच्या उत्पादकाचे नाव किंवा प्रकार छापलेला आहे काय, हे आधी पाहावे. दुकानदाराच्या परवानगीने एक टोपी काढून पाहावी. खाली स्वतंत्र चौकोनी स्विच आणि त्याचा अधिक चिन्हाच्या आकाराचा रंगीत दांडा दिसला, तर वस्तू अस्सल असण्याची शक्यता अधिक.

दुसरी परीक्षा एकाच वेळी दाबलेल्या कळांची. खेळात पुढे धावणे, वळणे, उडी आणि शस्त्र भरणे या क्रिया एकत्र होतात. स्वस्त कळफलकात अशा वेळी एखादी कळ नोंदलीच जात नाही. दोन्ही ‘शिफ्ट’ कळा दाबून धराव्यात आणि इंग्रजी वर्णमाला टंकित करावी. अक्षरे गळाली, तर कळफलक एकाच वेळी अनेक कळा पेलू शकत नाही असे समजावे. किमान सहा कळा एकत्र नोंदल्या जाणे पुरेसे आहे. सर्व कळांची नोंद होत असेल तर उत्तमच.

पैसे कशावर घालावेत?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा न्याय येथेही लागू आहे. दोन ते साडेतीन हजार रुपयांच्या टप्प्यात पुढील गोष्टींना प्राधान्य द्यावे.

* बदलता येणारे स्विच : एखादी कळ दोनदा उमटू लागली, तर केवळ तो स्विच उपटून नवा बसवता येतो. अन्यथा डाग देण्याच्या कामासाठी कारागीर गाठावा लागतो.
* टोप्यांचे प्लास्टिक : ‘एबीएस’ टोप्या वापराने गुळगुळीत, चकचकीत होतात. ‘पीबीटी’ अधिक काळ खरबरीत राहते. अक्षरे वरून छापलेली नसून दुहेरी साच्यात घडवलेली असतील, तर ती पुसली जात नाहीत.
* वायर : कमी खर्चात वायरचा कळफलकच बरा. वेगळी करता येणारी ‘टाइप-सी’ वायर असल्यास ती तुटली तरी संपूर्ण कळफलक टाकावा लागत नाही. बिनतारी घ्यायचाच असेल, तर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. असे कळफलक अनिवार्य नोंदणी आदेशात समाविष्ट आहेत.

रंगीत दिव्यांची उधळण आणि सेकंदाला ८ हजार वेळा संदेश पाठवण्याचा दावा यांवर मात्र जादा पैसे घालू नयेत. सेकंदाला १ हजार वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा, संदेश जाणे घरगुती खेळाडूला पुरेसे आहे. चुंबकीय स्विचच्या महागड्या सोयी तर प्रत्येक स्पर्धेत चालतीलच असेही नाही. परस्परविरुद्ध दिशांच्या कळा आपोआप सांभाळणाऱ्या सोयीला ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या निर्मात्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर मनाई केली.

धूळ, कूलर आणि पावती

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. एवढ्या उष्म्याने कळफलक वितळत नाही. त्याचे खरे शत्रू धूळ आणि ओल. बेसा परिसरात बांधकामे सुरू असल्याने धूळ अधिक, आणि वाळ्याच्या ताट्यांतून येणारी कूलरची दमट हवा ती कळांत चिकटवते. कळफलक कूलरच्या झोतात ठेवू नये. वापर संपल्यावर कापड झाकावे. महिन्यातून एकदा मऊ कुंचल्याने झाडावा. टोप्या काढून साबणाच्या पाण्यात धुता येतात, मात्र सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय त्या बसवू नयेत.

सीताबर्डी-धंतोली भागातील संगणकाच्या दुकानांत काही कळफलक हाताळून पाहता येतात. ऑनलाइन खरेदीत किंमत कमी पडू शकते, पण हमीच्या काळात दुरुस्ती नागपुरात होणार की कुरिअरने बाहेरगावी पाठवावी लागणार, हे आधीच विचारावे. जीएसटीची पावती जपून ठेवावी. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करावे. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

थोडक्यात

घरात हिशेब किंवा मराठी टंकलेखन होत असेल, तर १०४ कळांचा, लाल अथवा तपकिरी स्विचचा कळफलक निवडावा. खेळाडू एकटाच वापरणार असेल, तर ८७ कळांचा पुरे. दिव्यांपेक्षा स्विचकडे आणि जाहिरातीपेक्षा हमीकडे पाहावे. चांगला कळफलक खेळाडूचे कौशल्य वाढवत नाही. तो केवळ त्याच्या हाताच्या आड येत नाही. बहिणीच्या परीक्षेच्या आणि वडिलांच्या हिशेबाच्याही तो आड आला नाही, तर त्या खरेदीतला प्रत्येक रुपया सार्थकी लागला म्हणायचा.