कापसाच्या मुलखात पॉलिस्टरची जर्सी

१/ वाशीम तालुक्यातील अनसिंग हे कापसाच्या वऱ्हाडातले गाव. तरीही या मुलखात कबड्डीच्या संघासाठी रंगीत छपाईची जर्सी करायची, तर कापड बहुधा पॉलिस्टरचेच घ्यावे लागते. याचे मूळ छपाईच्या रसायनात आहे, आणि तो धागा थेट मँचेस्टरला जातो.

२/ १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली. येथून कापूस जाई, विलायतेहून छापील चीट येई. ती छपाई ओली होती: तांब्याच्या कोरीव रुळांवरून रंग, मग वाफ, मग धुणे.

३/ मँचेस्टरच्या ‘कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन’चा सारा व्यवसाय सुती कापड छापण्याचा. पण १९४१ मध्ये तिच्याच प्रयोगशाळेत व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा शोधला. सुताचा प्रतिस्पर्धी सुताच्याच घरी जन्मला!

४/ या धाग्यावर साधे रंग चढेनात. त्यासाठी ‘डिस्पर्स’ रंग वापरावे लागले. कापूर जसा न वितळता उडून जातो, तसे हे रंग तापवल्यावर थेट वायुरूप होतात. फ्रान्सच्या नोएल द प्लास यांनी १९५७ मध्ये हे हेरले, आणि कोरडी छपाई शक्य झाली. कागदावर चित्र छापायचे, कापडावर पालथे घालायचे आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला अर्धा-एक मिनिट दाबायचे. रंग तंतूच्या आत शिरतो, थंड होताच तेथेच अडकतो. हाताला थर लागत नाही, धुण्याने चित्र तडकत नाही. मात्र हे रंग पारदर्शक असल्याने कापड पांढरे वा फिकटच हवे.

५/ कापसाचा तंतू या रंगांना थारा देत नाही. म्हणून सुती कापडासाठी दुसरे मार्ग निघाले. व्हिनाइलमध्ये अक्षरे कापून उष्णतेने चिकटवतात; एका नावासाठी ते ठीक, बारीक चित्रासाठी किचकट. अलीकडच्या ‘डीटीएफ’मध्ये फिल्मवर रंग, त्यामागे पांढरी शाई, वर गोंदाची पूड. त्यामुळे काळ्या सुती कापडावरही चित्र उठते. पण दोन्हींत रंग आत शिरत नाही, वर थर बसतो. खेळाडूच्या घामाला तो थर अडवतो.

६/ मिश्र कापडाची तडजोड तर फसवी. प्रेसमधून निघताना चित्र उजळ दिसते. धुतल्यावर मात्र रंग पॉलिस्टरच्या तंतूंतच उरतो आणि मधले कापसाचे तंतू पुन्हा पांढरे दिसू लागतात.